कणा सरळ हवा, ताठा नको



आज थोडं भांडायचं आहे. पर्युषण झालं, क्षमापना झाली, आणि लगेच ही भांडायला बसली असं म्हणाल. म्हणा. पण हा विषय मनात ठेवून गप्प बसणं मला जमत नाही. विषय आहे पाठीचा कणा.

हल्ली आपल्या महिला मंडळांतून ध्यान शिबिरं होतात. चांगली गोष्ट आहे. पण त्यांत 'झेन' हा शब्द फार फिरू लागलाय. 'झेन पद्धतीने बसा', 'जपानी भिक्षूंसारखा कणा ठेवा', 'सळईसारखे ताठ व्हा'. अशाच एका शिबिरात माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या. वय ६७, दोन्ही गुडघे झिजलेले, पण रोजचं सामायिक कधी चुकलेलं नाही. त्यांनी खुर्ची मागितली. शिकवणाऱ्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की झेनमध्ये खुर्ची नसते, तिथे हललं की खांद्यावर काठी बसते, आणि दुखणं हीच खरी साधना. जाऊबाई बिचाऱ्या तासभर मांडी घालून बसल्या. उठताना दोघींनी धरून उठवलं. त्या दिवसापासून त्यांनी घरचं सामायिकही सोडलं. म्हणतात, "मला नीट बसताच येत नाही, मग कशाला ढोंग करू?"

गुडघे दुखले ते चार दिवसांत थांबले. पण 'मला बसता येत नाही' हे जे मनात बसलं, ते अजून निघालेलं नाही. आणि अशा बायका एकट्या माझ्या घरात नाहीत. तुमच्या मंडळातही मागच्या रांगेतून हळूच येणं बंद केलेल्या दोघी-तिघी असतील. विचारून बघा.

म्हणून मी ठरवलं, ज्यांच्या नावाने हा दरारा घातला जातो, त्या झेनवाल्यांनी बसण्याबद्दल मुळात काय सांगितलंय ते नीट वाचायचं. वाचलं, आणि राग दुप्पट झाला. कारण तिथे असं काही नाहीच. जवळजवळ उलटं आहे.

आधी तो शब्द परका नाही हे लक्षात घ्या. संस्कृतात ध्यान, पाली-प्राकृतात झान, झाण. आपण कायोत्सर्गाच्या आधी अन्नत्थ सूत्रात 'झाणेणं' म्हणतो, तोच हा शब्द. बौद्ध भिक्षूंबरोबर तो चीनला गेला, तिथे त्याचा 'चान' झाला, आणि जपानात जाऊन 'झेन' झाला. आपल्या तोंडात रोज असलेला शब्द जग फिरून परत आलाय, आणि आपण त्याला घाबरतोय.

आता बसण्याची गोष्ट. चीनमध्ये चांगलू त्सुंगत्से नावाचे एक मठाधिपती होऊन गेले. मठाच्या नियमांचा ११०३ सालचा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे, आणि बसून करायच्या ध्यानाचं एक छोटं प्रकरणही. त्यात ते सांगतात की कंबर, पाठ, मान आणि डोकं एका रेषेत असू द्या, शरीर स्तूपासारखं दिसू द्या. आणि लगेच पुढे बजावतात की अंग वर फार ताणू नका, नाहीतर श्वास ओढून-ताणून चालेल आणि अस्थिर होईल. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीच त्यांना कळलं होतं की शिकणारा माणूस 'सरळ' ऐकतो आणि 'ताठ' करतो. म्हणून सूचनेच्या शेजारीच त्यांनी तो धोका लिहून ठेवला. आपल्या शिबिरांतून पहिलं वाक्य आलं, दुसरं वाटेत गळालं.

स्तूप कसा असतो हेही बघा. खाली रुंद, वर निमुळता. सळईसारखा मुळीच नाही.

त्यांच्यानंतर शंभरेक वर्षांनी जपानचे दोगेन झाले, १२०० ते १२५३. चीनमध्ये शिकून १२२७ साली ते परतले आणि सर्वांनी ध्यानाला कसं बसावं हे सांगणारं 'फुकानझाझेनगी' नावाचं छोटं लिखाण त्यांनी केलं. आजही सोतो पंथाच्या मठांत ते म्हटलं जातं. त्यातल्या सूचना इतक्या घरगुती आहेत की आपल्या एखाद्या आजीने सांगाव्यात. खोली शांत असू द्या. खाणंपिणं मोजकं ठेवा, म्हणजे आपली ऊनोदरीच. खाली जाड बिछायत घाला, तिच्यावर गोल उशी ठेवा. कपडे सैल असू द्या. पद्मासन घाला किंवा अर्धपद्मासन घाला. डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे कुठेही कलू नका. कान खांद्यांच्या रेषेत, नाक बेंबीच्या रेषेत. जीभ वरच्या टाळूला लावा, ओठ मिटलेले, डोळे उघडे. एक मोठा श्वास घ्या, सोडा, शरीर डावी-उजवीकडे झुलवा आणि मग स्थिर व्हा. उठतानाही झटकन उठू नका, हळूहळू हला आणि शांतपणे उठा.

ह्यात 'सहन करा' कुठे आहे? 'दात-ओठ खा' कुठे आहे? बसण्याआधी झुलून आपला मध्य शोधा असं सांगणारा माणूस तुम्हाला सळई व्हायला सांगत नाहीये.

आता मला ती उशी महत्त्वाची वाटते, कारण सगळं गुपित तिच्यात आहे. जपानात तिला झाफू म्हणतात, आत सावरीचा कापूस ठासून भरतात. ती आरामासाठी नसते. जमिनीवर सपाट मांडी घातली की आपल्यापैकी बहुतेकींचे गुडघे वर राहतात, ओटीपोटाचं हाड मागे लवंडतं, कमरेचा बाक पुसला जातो, पाठीला पोक येतो आणि डोकं पुढे येतं. डोक्याचं वजन चार-पाच किलो असतं. ते पुढे लोंबलं की मान आणि पाठ ते ओढून धरत राहतात. मग शिकवणारे मागून येतात आणि म्हणतात, "पाठ ताठ करा." पाठ ताठ होते, पण स्नायूंच्या जोरावर. दहा मिनिटांत खांदे कानाला लागतात आणि श्वास छातीत अडकतो. त्सुंगत्सेंनी बजावलं होतं ते हेच.

उशी बैठकीला उंची देते. कुल्ले वर, गुडघे खाली. दोन गुडघे आणि एक बैठक, अशी तीन पायांची घडवंची तयार होते. ओटीपोटाचं हाड पुढे झुकतं आणि कमरेला तिचा नैसर्गिक बाक परत मिळतो. बाकीचा कणा मग आपोआप उभा राहतो.

जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असायची ती आठवा. खालचं मडकं चुंबळीवर नीट बसलं की वरची सहा मडकी कुणी धरावी लागत नाहीत. खालचं कललं तर वरचं कितीही दाबून धरा, पडणारच. आपला कणा म्हणजे अशी उतरंड आहे. जन्मतः ३३ मणके असतात. मोठेपणी त्यांतले खालचे एकमेकांत जुळतात आणि हलणारे २४ उरतात: मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५. आणि ही उतरंड ओळंब्यातली नसते. मान आत वळलेली, पाठ बाहेर, कंबर पुन्हा आत. देहाला हे बाक जन्मभराचं ओझं पेलण्यासाठी मिळालेत. ते पुसून टाकणं म्हणजे सरळ बसणं नाही.

झेनवाल्यांची दारुमा नावाची बाहुली असते. बोधिधर्म नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्यांचे पाय झडून गेले, अशी दंतकथा आहे. म्हणून ती बाहुली बिनपायाची. 'पाय गेले तरी उठले नाहीत' असा तिचा दाखला शिबिरांतून दिला जातो. पण बाहुली हातात घेऊन बघा. ती पाडली की पुन्हा उभी राहते, कारण तिचं वजन बुडाशी असतं. घ्यायचं तर हे घ्या. बूड नीट टेकलं की वरचं सावरतं.

आणि ती काठी. हो, झेन मठांत काठी असते. चपट्या लाकडाची, जपानीत तिला क्योसाकु म्हणतात. ती झोप आणि सुस्ती घालवण्यासाठी खांद्याच्या मांसल भागावर मारतात. सोतो पंथात पुष्कळ ठिकाणी बसणारा स्वतः हात जोडून ती मागतो, आणि मारणारा व बसणारा एकमेकांना वाकून नमस्कार करतात. ज्यांचे गुडघे झिजलेत त्यांना दमात घेण्यासाठी ती नाही. शिवाय तिथे एक बैठक साधारण उदबत्तीच्या एका काडीची असते, सुमारे चाळीस मिनिटं. मग सगळे उठतात आणि एका श्वासाला अर्धं पाऊल अशा गतीने चालतात. ते चालणंही ध्यानातच मोजतात. आपल्याकडे काठीची गोष्ट आली, उठून चालण्याची आली नाही. सोयीची तेवढी शिस्त उचलायची आणि सोबतची काळजी तिथेच टाकायची, ह्याला काय म्हणावं?

खुर्चीचंही ऐका. शुनर्यू सुझुकी नावाचे जपानी झेन गुरू १९५९ साली सॅन फ्रान्सिस्कोला गेले. त्यांच्यासमोर बसणारी अमेरिकन मंडळी जन्मभर खुर्चीवर वाढलेली. सुझुकींचं बैठकीबद्दलचं म्हणणं फार काटेकोर होतं. १९७० साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच बैठकीवर प्रकरण आहे. पण आज तिथल्या झेन केंद्रांत पद्मासन घालणारे असतात, दोन्ही नडग्या जमिनीवर ठेवून साधी मांडी घालणारे असतात, छोट्या लाकडी बाकावर वज्रासनासारखं बसणारे असतात आणि खुर्चीवर बसणारेही असतात. खुद्द जपानच्या सोतो पंथाच्या मार्गदर्शनात खुर्चीवर झाझेन कसं करावं ते सांगितलेलं आहे. 'झेनमध्ये खुर्ची नसते' हे वाक्य निव्वळ खोटं आहे.

आता तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, "अगं, पण कायक्लेश हे बाह्य तपच आहे. थोडं दुखलं तर काय बिघडलं?" हा प्रश्न खरा आहे. थोडं दुखण्याला माझा विरोध नाही. पायाला मुंग्या येणं, मांडी अवघडणं, हे सोसता येतं आणि सोसावंही. पण दुखण्या-दुखण्यात फरक असतो. पद्मासनात मांडी खुब्यातून बाहेर वळावी लागते. खुबा वळत नसेल आणि तुम्ही पाय ओढून वर चढवलात तर तो पीळ गुडघ्यात उतरतो, आणि गुडघा बिजागरीसारखा सांधा आहे, पीळ सोसायला केलेला नाही. गुडघ्यातली गादी फाटू शकते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने एक नस हाडाला लगटून जाते. ती फार वेळ दबली तर पाऊल उचलता न येण्यापर्यंत पाळी येते. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालेल्या बायकांनी पोक काढून तासभर बसणं मणक्यांना चांगलं नाही. गुडघ्यात आतून कळ येत असेल तर ते शरीराचं 'थांब' आहे. ते न ऐकण्यात तप कसलं?

आणि तप स्वतःच्या इच्छेने, स्वतःची शक्ती ओळखून करायचं असतं. आपण पच्चक्खाण घेताना कुणी आपला हात पिरगाळतं का? दुसऱ्याने चारचौघांत लाजवलं म्हणून सोसलेली कळ तपात कशी धरायची? ज्याने लाजवलं त्याच्या खात्यात मात्र काहीतरी नक्की जमा होतं.

"मग सामायिकातला आलंबन दोष?" हाही प्रश्न येतो. कायेच्या बारा दोषांत भिंतीचा किंवा खांबाचा आधार घेणं येतं, बरोबर. पण आपल्याकडे तो समजावताना 'विनाकारण' हा शब्द जोडून सांगतात. आळसाने टेकणं वेगळं आणि झिजलेल्या गुडघ्याने खुर्चीवर बसणं वेगळं. अन्नत्थ सूत्राकडेच बघा ना. कायोत्सर्गात काय झालं तरी तो भंगत नाही, ह्याची केवढी यादी त्यात आहे! श्वास, खोकला, शिंक, जांभई, ढेकर, वायू सरणं, चक्कर येणं. काया सोडून देण्याची प्रतिज्ञा करतानाही आपल्या पूर्वाचार्यांनी कायेला आगार ठेवले. आणि आपण एका खुर्चीवरून बाईला उठवतो.

श्वेतांबर परंपरा सांगते की भगवान महावीरांना केवलज्ञान झालं ते ऋजुवालुका नदीच्या काठी, साल वृक्षाखाली, गोदोहिका आसनात. गाय दोहताना माणूस उकिडवा बसतो, ते आसन. पद्मासन नव्हे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्राच्या चौथ्या प्रकाशात पद्मासन, वीरासन, वज्रासन, गोदोहिका अशी कितीतरी आसनं सांगितली आणि शेवटी निर्वाळा दिला की ज्या आसनाने मन स्थिर होईल ते आसन घ्यावं. आसन साधन आहे. दोगेनही बजावतात की झाझेनचा संबंध नुसत्या बसण्याशी किंवा आडवं होण्याशी नाही. दोघांचे मार्ग निराळे, सिद्धांत निराळे, आत्म्याबद्दलचं म्हणणं तर पार वेगळं. तरी शरीराशी रोज वागणाऱ्या माणसांना शरीराबद्दल सारखंच कळतं.

पण मी दुसऱ्या बाजूशीही भांडणार आहे. "भाव शुद्ध असला की झालं, पाठ कशी का असेना" असं म्हणत सोफ्यात रुतून, मान खाली घालून माळ फिरवणाऱ्याही आपल्यात आहेत. त्यांनी झेनकडून खरंच शिकावं. कोशो उचियामा नावाच्या झेन गुरूंनी रोदँ ह्या फ्रेंच शिल्पकाराच्या 'विचारवंत' ह्या प्रसिद्ध पुतळ्याचा दाखला दिलाय. तो पुतळा पाठ वाकवून, हनुवटी हातावर टेकवून बसलाय. उचियामा म्हणतात की ही विचारांमागे पळणाऱ्या माणसाची बैठक आहे, आणि झाझेनची बैठक हिच्या उलट. स्वतःवर करून बघा. पोक काढून, मान पाडून दोन मिनिटं बसलात की कालचं सासूचं बोलणं, उद्याची भाजी, मुलाचे मार्क सगळं गोळा होतं. कणा उभा केला की विचार थांबत नाहीत, पण त्यांच्यामागे आपण तेवढं पळत नाही. म्हणून बैठकीकडे लक्ष द्यायचंच. पण तो धाक नको, ती काळजी असू दे.

तर घरी असं करा. बैठक उंच करा. तुमच्याकडे सामायिकात कापसाची गादी चालत नसेल तर लोकरीचं आसन घड्या घालून फक्त कुल्ल्यांखाली घ्या, गुडघे टेकेपर्यंत उंची वाढवा. एक गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याच्याखालीही घडी द्या. मग डावी-उजवीकडे झुला आणि मध्यावर थांबा. कान खांद्यांवर, नाक बेंबीच्या रेषेत. हनुवटी किंचित आत. पोट आवळू नका. खुर्ची घ्यायची असेल तर लाज न बाळगता घ्या, फक्त तिच्यात रुतू नका. पुढच्या कडेला बसा, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट ठेवा, पाय पोचत नसतील तर खाली पाट घ्या. पाठीला खरंच आधार हवा असेल तर कमरेशी घडी ठेवा आणि बसा. उठताना आधी पाय चोळा, मग उठा. गुडघ्याचं किंवा मणक्याचं दुखणं जुनं असेल तर डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा.

आणि मंडळाच्या अध्यक्षांना, सेक्रेटरींना माझं सांगणं आहे. पुढच्या शिबिराची पत्रिका छापाल तेव्हा वक्त्यांच्या नावाखाली एक ओळ घाला: खुर्च्यांची सोय आहे. त्या खुर्च्या मागे भिंतीशी नका लावू, पहिल्या रांगेत लावा. शिकवायला येणाऱ्यांना आधीच विचारा, "कुणाला जमिनीवर बसता येत नसेल तर तुम्ही काय सांगाल?" उत्तरात काठी आली तर दुसरे शिक्षक बघा. आणि ज्या येईनाशा झाल्यात, त्यांच्या घरी जाऊन सांगा की त्यांची जागा ठेवली आहे.

जय जिनेंद्र.